ऐकत नाही की ऐकू येत नाही?



मागच्या हिवाळ्यात माझ्या वर्गातल्या एका मुलावर मी विनाकारण रागावले. त्याची माफी मागून झाली आहे, पण त्या निमित्ताने जे कळले ते आपल्या अंकात मांडावे असे वाटले.

जानेवारीतला रविवार होता. बाहेर बर्फ, खोलीत हीटरची घरघर. श्रुतलेखन चालू होते आणि मी नेहमीप्रमाणे बाकांमधून फिरत शब्द सांगत होते. 'खार' सांगितले, याने लिहिले 'कार'. 'फळी'ची 'पळी' झाली, 'थाट'चे 'ताट'. दिवाळीपर्यंत हाच मुलगा बाराखडी न चुकता म्हणत असे. दोनदा सांगूनही तो "हं?" म्हणाला, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटले, "लक्ष कुठे आहे तुझे? घरी मराठी बोलत नाहीस वाटते!" त्याच्या आईचेही तेच मत. हाक मारली तर ओ देत नाही, टीव्ही मोठा लावतो, पुण्याच्या आजीशी फोनवर दोन मिनिटे बोलून पळतो. मुलाला मराठीचा कंटाळा आला आहे, असा निकाल आम्ही दोघींनी लावून टाकला.

कंटाळा नव्हता. नाताळच्या सुट्टीत त्याला फ्लू होऊन गेला होता. ताप उतरला, नाक वाहायचे थांबले, कान दुखल्याची तक्रार कधीच नव्हती. पुढे डॉक्टरांनी कानात पाहिले तेव्हा दोन्ही पडद्यांमागे पाणी साठलेले निघाले.

नाकाच्या मागच्या भागातून मधल्या कानाकडे एक बारीक नळी जाते. सोळाव्या शतकातल्या बार्तोलोमेओ युस्ताकी या इटालियन वैद्याच्या नावावरून तिला युस्टेशियन नळी म्हणतात. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा ती क्षणभर उघडते आणि पडद्यामागे हवा खेळते. सर्दीत किंवा फ्लूत ही नळी सुजते, हवा जायची थांबते आणि आत पाणी साचते. लहान मुलांची नळी आखूड आणि बरीचशी आडवी असते, म्हणून हा त्रास त्यांना अधिक. त्या पाण्यात जंतू वाढले तर कान ठणकतो आणि सगळे घर रात्रभर जागे राहते. निदान कळते तरी! जंतू वाढले नाहीत तर काहीच दुखत नाही, आणि सर्दी विसरल्यावरही पाणी कित्येक आठवडे तसेच राहू शकते. मूल बहिरे होत नाही. कानात बोटे घालून ऐकावे तसे त्याला ऐकू येते, कधी कमी, कधी जास्त.

आता आपल्या वर्गाचा विचार करा. क आणि ख यांत फरक कशाचा, तर एका फुंकरीचा. अशा हलक्या ध्वनीच आधी हरवतात. इंग्रजी मुलांच्या कानावर दिवसभर पडते, त्यामुळे अर्धे ऐकले तरी उरलेले ती अंदाजाने भरून काढतात. मराठीचा तेवढा सराव नसतो, तिथे अंदाज चालत नाही. मग आपल्याला वाटते, इंग्रजी बरे कळते याला, मराठीलाच कान बंद! शिवाय त आणि ट, द आणि ड इथे वाढलेल्या मुलांना तसेही जड जातात. त्यामुळे कानाची चूक आम्ही शिक्षक सहज उच्चाराच्या खात्यावर टाकतो. माझे स्पष्ट मत असे, की जे मूल आधी नीट लिहीत होते आणि सर्दीनंतर चुकू लागले, त्याला रागावण्याआधी त्याचे कान दाखवावेत. "जन्मल्यावर हॉस्पिटलात कान तपासले होते" हे उत्तर इथे उपयोगाचे नाही. हे पाणी नंतर साठलेले असते.

घरगुती उपायांबद्दल बोलले की ज्येष्ठ मंडळी रागावतात, पण बोलते. लसूण घालून कोमट केलेले तेल माझ्याही कानात आईने घातलेले आहे. मात्र पाणी असते पडद्याच्या आत आणि तेल पडते बाहेर. पडदा फाटलेला असेल तर ते आत जाऊन अपाय करते. दुकानातल्या सर्दीच्या औषधांनी हे पाणी ओसरत नाही, आणि नुसत्या पाण्यासाठी सहसा अँटिबायोटिकही देत नाहीत. मूल एरवी धडधाकट असेल तर डॉक्टर बहुधा तीन महिने वाट पाहतात. त्यानंतरही पाणी राहिले तर श्रवणचाचणी करतात, आणि गरज पडली तर पडद्यात बारीक ट्यूब बसवण्याचा विचार होतो. बोलणे आधीच उशिरा येत असेल तर इतके थांबत नाहीत. आमच्या विद्यार्थ्याचे पाणी एप्रिलपर्यंत आपोआप गेले आणि खार पुन्हा झाडावर चढली.

फ्लूची लस सहा महिन्यांवरील सर्वांनी दरवर्षी घ्यावी, अशी शिफारस अमेरिकेत 2010 मध्ये करण्यात आली. तिने कानाचे दुखणे पूर्ण टळत नाही, थोडे कमी होते. तेवढेही मला पुरेसे वाटते.

डिसेंबरात मुंबईला निघणाऱ्यांसाठी: सर्दी असताना विमान उतरताना कान फार दुखतो. उतरायला लागण्याआधी मुलाला जागे करा, घोट घोट पाणी पाजा, तान्ह्याला दूध द्या. आणि मोठ्यांनो, सर्दीनंतर एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर "दडा बसला असेल" म्हणून आठवडे काढू नका. कधी कधी इजा आतल्या कानाला असते, आणि तिच्यावरचे औषध पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर उपयोगाची शक्यता जास्त.

वर्गात मीही बदल केला आहे. श्रुतलेखन आता फिरत फिरत न सांगता समोर उभी राहून सांगते आणि तेवढा वेळ हीटर बंद ठेवते. पालकांनी वहीच्या शेवटच्या पानावर "गेल्या महिन्यात सर्दी-ताप होता" एवढे लिहून पाठवावे. ताप असेल तर मात्र वर्ग बुडू द्या, खुशाल बुडू द्या. येत्या रविवारी ख, फ आणि थ चे शब्द आहेत. नाक चोंदलेल्यांनी पहिल्या बाकावर बसायचे, आणि "हं?" कितीही वेळा म्हटले तरी चालेल.