साडेअडतीस गोळ्या

जुलै २०१३मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात सोळा वर्षांच्या मुलाला को-ट्रायमॉक्साझोल या प्रतिजैविकाची एक गोळी द्यायची होती. दिल्या गेल्या साडेअडतीस. मुलाला झटके आले. सुदैवाने तो वाचला.

त्याच संस्थेतील डॉ. रॉबर्ट वॉक्टर यांनी ‘द डिजिटल डॉक्टर’ या पुस्तकात हा प्रसंग तपशिलाने मांडला आहे. मुलाचे वजन ३८.६ किलो होते. ४० किलोच्या आतील मुलांसाठी डोस किलोमागे लिहायचा, असे रुग्णालयाच्या संगणकीय ऑर्डर प्रणालीत ठरवून ठेवले होते. त्यानुसार डोस १९३ मिलिग्रॅम निघाला. गोळी १६० मिलिग्रॅमची, म्हणून फार्मसीने ऑर्डर दुरुस्त करायला सांगितली. निवासी डॉक्टरने १६० टाइप केले. एकक मात्र ‘मिलिग्रॅम प्रति किलो’ हेच राहिले. झाले सहा हजारांहून अधिक! संगणकाचा इशारा डॉक्टरला दिसला, फार्मासिस्टलाही दिसला. पण रोज इशाऱ्यांचा एवढा मारा होता, की दोघांनीही तो बंद केला. किंचित वाढलेला डोस आणि अडतीसपट डोस यांचे इशारे दिसायलाही सारखेच. यंत्रमानवाने गोळ्या बांधल्या, नर्सने बारकोड स्कॅन केला. गोळ्या ऑर्डरप्रमाणेच होत्या. ऑर्डर बरोबर आहे का, हे बारकोड सांगत नाही.

यात एखाद्या व्यक्तीला दोषी ठरवणे सोपे आहे आणि अन्यायाचेही.

प्रणाली कशी बसवली जाते, हे पाहायला हवे. पिट्सबर्गच्या बालरुग्णालयात संगणकीय ऑर्डर सुरू झाल्यावर बाहेरून हलवून आणलेल्या मुलांमधील मृत्युदर २.८०वरून ६.५७ टक्क्यांवर गेला, असे २००५मध्ये ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध झाले. मूल दाखल होऊन नोंद होईपर्यंत ऑर्डरच देता येत नव्हती. खाटेजवळ हवे असलेले हात कीबोर्डवर अडकले. त्याच कंपनीची प्रणाली सिएटलच्या बालरुग्णालयात आली, तेव्हा मृत्युदर वाढला नाही. म्हणजे सॉफ्टवेअर विकत घेण्याइतकेच ते आपल्या वॉर्डात कसे बसवले जाते, हेही जिवाशी निगडित आहे.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१मध्ये देशभर सुरू झाले. तेव्हापासून आपल्याकडेही लहानमोठी रुग्णालये संगणकीय नोंदींकडे वळत आहेत. खरेदीच्या बैठकीत किंमत आणि बिलिंग यांवर तासन्‌तास चर्चा होते. त्या बैठकीत रात्रपाळीची नर्स आणि निवासी डॉक्टर असायलाच हवेत. करारावर सही होण्याआधी त्यांनी चाचणी-रुग्णाच्या नावावर मुद्दाम दहापट डोस टाकून पाहावा. प्रणालीने तो अडवला नाही, तर सही थांबवावी.