कारंजे पाहायचे की पोहायला शिकायचे?

घोडपदेवच्या चाळीत वाढणाऱ्या मुलापासून समुद्र दूर नाही. शेजारच्या फेरबंदरच्या नावातच बंदर आहे. मात्र त्या दिशेला आज गोदीच्या भिंती आहेत, गोदामे आहेत, कुंपणे आहेत. पाण्याच्या इतक्या निकट राहणाऱ्या या मुलांपैकी पोहता कोणाकोणाला येते, असे एखाद्या सायंशाखेत सहज विचारून पाहावे. वर होणारे हात मोजण्यास फार वेळ लागणार नाही.

हा विषय निघण्याचे कारण काळाचौकी. तेथील इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३ची जमीन महापालिकेकडे आली आणि तिच्यावर वस्त्रोद्योग संग्रहालय उभारण्याचे ठरले. गिरणीच्या जुन्या तळ्याचे सुशोभीकरण आणि संगीताच्या तालावर नाचणारे कारंजे हेही त्या योजनेत आले. संग्रहालयाला विरोध असण्याचे कारण नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. त्यांच्या नातवंडांना माग कसा चालत असे हे कळलेच पाहिजे. आमचा आक्षेप कारंज्यापुरता आहे. सार्वजनिक पैशातून करमणूक उभी करायची म्हटली की आपल्या नियोजनकारांना प्रेक्षकच का आठवतो?

गिरणगावाच्या वाट्याला मोकळी जागा आधीच थोडी आली. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८व्या नियमाने गिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीची ढोबळ मानाने तीन भागांत वाटणी अपेक्षित होती : एक भाग महापालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१मध्ये तत्कालीन राज्य सरकारने नियम बदलला. वाटणी केवळ मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली, बांधकामाखालची जमीन तीतून सुटली. मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल ग्राह्य ठरवला. मैदानांच्या जागी मनोरे आले आणि मनोऱ्यांतील तरणतलाव फाटकाच्या आत राहिले. म्हणूनच जो तुकडा हाती लागला, त्याचा विनियोग जपून व्हायला हवा.

आता कोणी म्हणेल, मग महापालिकेने सरळ वॉटरपार्कच बांधावा, मुलांना पाण्यात तरी उतरता येईल. २०२५-२६चा ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प मांडणाऱ्या महापालिकेला ते जड नाही. परंतु मुंबईला पाणी पुरवणारे तानसा आणि भातसा जलाशय शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातील वनवासी पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. त्या पाण्यावर घसरगुंड्यांची चैन करताना आपल्याला संकोच वाटायला हवा. शिवाय तिकीट आलेच. जवळच्या राणीबागेत २०१७पर्यंत प्रौढांना ५ रुपये पडत. पेंग्विन आल्यावर ते ५० झाले. चौघांच्या कुटुंबास १०० रुपयांची सवलत आहे हे खरे, पण सहज फेरफटका मारायला जाण्याची सवय तेथे मोडली.

तरणतलावालाही पाणी लागते. मात्र ते गाळून, शुद्ध करून पुन्हा वापरता येते, आणि महिनाभरात मुलगा पोहू लागतो. दादरला शिवाजी पार्कवर महापालिकेचा तलाव आहे, तेथेच १९२५पासून समर्थ व्यायाम मंदिर मल्लखांब शिकवीत आहे. दादरकरांच्या पिढ्या त्यावर घडल्या. घोडपदेवच्या मुलाने त्यासाठी शाळेनंतर बस पकडून दादर गाठावे आणि दिवेलागणीला परतावे, ही अपेक्षा धरता येत नाही. येथे बळाची वा धैर्याची वाण नाही. माझगाव ताडवाडीच्या गोविंदांचे थर ज्यांनी पाहिले, त्यांना हे सांगावे लागू नये.

चालवायचे कोणी, हा प्रश्न मात्र आजच मिटवला पाहिजे. मोकळ्या जागा दत्तक देण्याच्या धोरणात काही मैदानांचे क्लब कसे झाले, हे मुंबईने पाहिले आहे. जानेवारी २०१६मध्ये पालिका सभागृहाने संमत केलेले तसे धोरण मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना स्थगित करावे लागले होते. तेव्हा तलाव आणि शेजारची तालीम महापालिकेच्याच ताब्यात राहावी, शुल्क नाममात्र असावे, शिक्षक नेमलेले असावेत, मुलींसाठी स्वतंत्र वेळ असावी. पहाटेची एक तुकडी निवृत्त कामगारांचीही असावी. गुडघ्यांना पाण्याइतका दुसरा आराम नाही, असे लालबागचे आजोबा सांगतात.