पुण्याचा कचरा उचलणाऱ्या हातांना कराराची हमी हवी

प्रति,
मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका, शिवाजीनगर, पुणे

विषय : घरोघरचे कचरासंकलन, कचरावेचकांचा करार आणि सोसायट्यांमधील ओला कचरा यांबाबतच्या मागण्या

महोदय,

कचरा वेचणाऱ्या बाईकडे पुणे शहर एकेकाळी संशयानेच पाहत असे. कुंडीत हात घालणारी ती, म्हणजे आळीत काही चोरीला गेले तर तिनेच नेले असणार, असा निवाडा शेजारीपाजारी परस्पर करून टाकत. 1993 मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली शहरातल्या कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्या उभारणीत एसएनडीटी विद्यापीठातल्या प्रौढ शिक्षणाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचा वाटा मोठा होता. संघटनेने सभासदांना ओळखपत्रे दिली आणि पुढे महापालिकेने त्यांना मान्यता दिली. हे श्रेय महापालिकेचे आहे आणि मागण्यांच्या कागदावरही ते लिहिलेले असावे, असे निवेदन देणाऱ्या रहिवाशांना वाटते.

2001 मध्ये झालेल्या एका अभ्यासाने या कामाचा हिशेब मांडला. कचरावेचक रोज सुमारे 144 टन भंगार कचऱ्यातून बाजूला काढत होते. तेवढा माल उचलण्याचा आणि वाहून नेण्याचा महापालिकेचा खर्च वाचत होता. प्रत्येक वेचक दरमहा 246 रुपयांचे काम शहरासाठी फुकट करत होता, आणि तोवर त्याची नोंद कुठल्याच अंदाजपत्रकात नव्हती.

2008 मध्ये चित्र बदलले. ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेशी महापालिकेने पाच वर्षांचा करार केला. कुंडीवर वाकणारी बाई ढकलगाडी घेऊन दारावर येऊ लागली. आज तीन हजारांहून अधिक सभासद हे काम करतात. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच दलित समाजातल्या. घरटी शुल्क त्या रहिवाशांकडून घेतात, सुका कचरा विकून येणारे पैसे त्यांचेच असतात, आणि ढकलगाड्या, हातमोजे, वर्गीकरणाच्या जागा पुरवण्याची जबाबदारी महापालिकेची. देशोदेशीचे अभ्यासक ही रचना पाहायला पुण्यात येतात. शहराच्या अभिमानाची ही गोष्ट मात्र कागदावर कायम तात्पुरतीच राहिली आहे.

पहिल्या कराराची मुदत 2013 मध्ये संपली. 2020 च्या अखेरीस पुढच्या कराराचीही मुदत उलटली, आणि कोविडच्या काळात घरोघर जाऊन कचरा उचलणाऱ्या याच बाया काही काळ मुदतवाढीवर काम करत राहिल्या. पुढच्या महिन्यात काम आहे की नाही, हे ज्या घराला ठाऊक नसते ते घर मुलीच्या कॉलेजची फी कशी ठरवणार? म्हणून पहिली मागणी कराराची. तो दीर्घ मुदतीचा असावा, आणि मुदत संपण्याच्या सहा महिने आधी पुढचा मसुदा स्थायी समितीसमोर गेलेला असावा. घरोघरचे संकलन यंत्रगाड्यांच्या ठेक्यात घालण्याचा विचार पुढे आलाच, तर त्याआधी सुक्या कचऱ्यावरचा कचरावेचकांचा हक्क लेखी मान्य व्हावा. 2016 च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांच्या संघटनांना ओळख देऊन व्यवस्थेत सामावून घेण्याचे काम स्थानिक संस्थांवर सोपवले, तेव्हा ही मागणी नियमाला धरूनच आहे.

शुल्काचा प्रश्न नाजूक आहे आणि त्यात रहिवाशांचाही दोष आहे. महिन्याच्या थोड्याशा रकमेसाठी “पुढच्या महिन्यात ये” म्हणणारी घरे प्रत्येक सोसायटीत सापडतात. महापालिकेने शुल्काचा दर आणि ते देण्याचे बंधन स्पष्ट सांगणारा फलक प्रत्येक इमारतीच्या प्रवेशद्वारावर लावावा. वस्त्यांमध्ये बोळ अरुंद आणि जिने उभे असतात, तिथे त्याच शुल्कासाठी दुप्पट चालावे लागते. तिथला फरक महापालिकेने भरून द्यावा.

वर्गीकरणाच्या जागेबद्दल थोडक्यात : प्रत्येक प्रभागात आरोग्य कोठीजवळ छप्पर, नळ आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह असलेली शेड हवी. भर पावसात पदपथावर पुठ्ठा निवडला की तो भिजतो आणि त्याचा भाव पडतो.

सॅनिटरी पॅड आणि डायपर यांवर मात्र सविस्तर बोलायला हवे, कारण त्याबद्दल कोणी बोलत नाही. उघडे पॅड रोज उघड्या हाताने वेगळे करावे लागणे हा या कामातला सर्वांत किळसवाणा आणि धोक्याचा भाग. 2013 मध्ये पुण्याच्या कचरावेचकांनी वापरलेल्या पॅडच्या पिशव्या थेट उत्पादक कंपन्यांना परत पाठवल्या होत्या. त्यांनी सुरू केलेली लाल ठिपक्याची पद्धत, म्हणजे पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण करायची, आता बऱ्याच घरांत रुजली आहे. पण ठिपका काढायचे काम गृहिणीचे आणि ओळखायचे काम कचरावेचकाचे. उत्पादकाने काय केले? प्रत्येक पॅडसोबत विल्हेवाटीची पिशवी किंवा वेष्टन द्यावे, असे 2016 च्या घनकचरा नियमांनी सांगितले होते. त्याची अंमलबजावणी महापालिकेने राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लावून धरावी. वेफर्सच्या चकचकीत पाकिटांचेही तेच : भंगारवाला ती घेत नाही, ती उचलण्याची मजुरी कोणी देत नाही. प्लास्टिकच्या नियमांनुसार उत्पादकांवर जी जबाबदारी येते, तिच्या पैशातला वाटा ती पाकिटे गोळा करणाऱ्यांपर्यंत वजनावर पोहोचावा.

ओल्या कचऱ्याचे ओझे उरुळी देवाची आणि फुरसुंगीने वर्षानुवर्षे सोसले. 2017 च्या एप्रिलमध्ये तिथल्या कचरा डेपोला आग लागली, ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या आणि शहरात ढीग साचले. ओला कचरा सोसायटीच्या आवारातच खतखड्ड्यात जिरवणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे. त्यासाठी महापालिका मिळकतकरात सवलत देते. पण सवलत घेतलेल्या सोसायटीतला खड्डा खरोखर चालतो का, हे तपासायला वर्षातून एकदा येणारा निरीक्षक पुरेसा नाही. सोसायटीतून रोज बादली उचलणारी बाई ते एका नजरेत सांगू शकते. सवलतीच्या तपासणीत तिची सही घ्यावी आणि खड्डा बंद असेल तर सवलत थांबवावी. काही सोसायट्यांना हे रुचणार नाही. निवेदनावर सह्या करणाऱ्यांत अशा सोसायट्यांचे सदस्यही आहेत.

या मागण्यांवर चर्चेसाठी आयुक्तांनी कचरावेचक प्रतिनिधी आणि रहिवासी यांची एकत्रित बैठक बोलवावी. ती सकाळी ठेवू नये. त्या वेळी अर्ध्याहून अधिक निमंत्रित ढकलगाडीवर असतात. दुपारी तीननंतरची कोणतीही वेळ चालेल.

आपले विश्वासू,
पुणे शहरातील रहिवासी

प्रत : उपायुक्त, घनकचरा व्यवस्थापन विभाग, पुणे महानगरपालिका