विश्लेषण : परदेशी अधिकाऱ्याची सही भारतीय न्यायालयात कशी सिद्ध होते?

कॅलिफोर्नियात निधन झालेल्या व्यक्तीच्या पुण्यातील सदनिकेवरून वारसांत दावा सुरू आहे. तिथला मृत्यूदाखला न्यायालयात दाखल होताच आक्षेप येतो : सही करणारा खरोखर अधिकारीच होता, हे कशावरून?

कायदा काय सांगतो?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ७७ (पूर्वीच्या १८७२ च्या कायद्यातील कलम ७८) परदेशी सार्वजनिक दस्तऐवजांबाबत आहे. त्यानुसार मूळ दस्तऐवज किंवा प्रमाणित प्रत चालते. प्रत कायदेशीर ताबा असलेल्या अधिकाऱ्यानेच प्रमाणित केल्याचे नोटरीचे किंवा भारतीय वाणिज्यदूताचे प्रमाणपत्र सोबत लागते. शिवाय त्या देशाच्या कायद्यानुसार दस्तऐवजाचे स्वरूपही सिद्ध करावे लागते.

अपोस्टिल म्हणजे काय?

पूर्वी एका सहीवर दुसरी, दुसरीवर तिसरी आणि शेवटी दूतावासाचा शिक्का, अशी साखळी असे. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग कराराने त्याऐवजी एकच प्रमाणपत्र आणले. तेच अपोस्टिल. भारतासाठी हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे. आपल्याकडे परराष्ट्र मंत्रालय, तर कॅलिफोर्नियात राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालय अपोस्टिल देते. करारात नसलेल्या देशांतील कागदांना जुनीच साखळी लागते.

मग वाद कुठे उरतो?

अपोस्टिल तीनच गोष्टी सांगते : सही खरी आहे, सही करणाऱ्याला ते पद होते आणि शिक्का खरा आहे. मजकुराच्या खरेपणाची हमी ते देत नाही. दाखल्यात वारसाचे नाव चुकीचे असले, तरी अपोस्टिल बिनचूकच राहते. शिवाय कलम ७७ मध्ये नोटरी आणि वाणिज्यदूत आहेत, अपोस्टिल हा शब्द नाही. नवा कायदा करतानाही ही फट बुजवली गेली नाही. विरोधी पक्षाला आक्षेपाची जागा तिथेच मिळते.

मुखत्यारपत्राचे काय?

कॅलिफोर्नियातील वारस पुण्यातील भावाला मुखत्यारपत्र देतो, तेव्हा अपोस्टिल तिथल्या नोटरीच्या सहीची ग्वाही देते. नोटरीसमोर सही होऊन त्याने ते प्रमाणित केले असेल, तर कलम ८४ नुसार न्यायालय ते रीतसर झाल्याचे गृहीत धरते. मात्र ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. अपोस्टिल असूनही हा टप्पा चुकला, तर कागद पुराव्यात घेण्यास हरकत येते आणि दंडासह शुल्क भरण्याची वेळ येते.