एका मुलाची आई, अनेकींच्या बाई

परवां एका स्नेह्यांकडे गेलों असतां त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत चाळण्याचा योग आला. पणजोबा कोंकणांतून घाटावर केव्हां आले, आजोबा कोणत्या कचेरींत होते, काकांनीं पेन्शन केव्हां घेतली, सर्व कांहीं तपशीलवार नोंदलेलें. परंतु बायकांच्या नांवापुढें माहेरचें आडनांव आणि मुलांची संख्या यांपलीकडे एक अक्षर नाहीं. एक आत्या बालविधवा होऊन जन्मभर त्या घरांत राबली. तिच्या वाट्यास अवघे दोनच शब्द आले : ‘निपुत्रिक. वारली.’ तें पान मिटतांना आम्हांस ज्या बाईंची आठवण झाली, त्यांच्याविषयीं या महिन्यांत चार शब्द लिहावे असें योजिलें आहे.

पार्वतीबाई आठवले यांचें माहेर रत्नागिरी जिल्ह्यांतील देवरुखचें, जोशांच्या घरचें. जन्म १८७० सालचा. अकराव्या वर्षीं लग्न झालें. यजमान एका पायानें अधू; गोव्याकडे लहानशा नोकरीवर होते. विसाव्या वर्षीं पार्वतीबाईंचें कुंकू पुसलें गेलें तेव्हां त्यांच्या पदरांत एक मुलगा होता. त्या काळच्या रीतीप्रमाणें केशवपन झालें आणि मुलाला घेऊन त्या माहेरीं आल्या. येथवरची कहाणी त्या काळच्या कोणत्याही आळींतील घरोघरची होती. पुढील आयुष्य चुलीपाशीं आणि देवघरांत जावयाचें, हेंही ठरल्यासारखेंच होतें.

तें ठरलेलें मोडण्यास त्यांची थोरली बहीण कारण झाली. गोदूबाई लहानपणींच विधवा झालेल्या. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस शारदासदन काढलें, त्यांत शिकावयास गेलेल्या पहिल्या विधवा त्याच. पुढें ११ मार्च १८९३ रोजीं त्यांनीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई, म्हणजेच सर्वांच्या बाया झाल्या. या विवाहाबद्दल मुरुडकरांनीं कर्व्यांवर बहिष्कार घातला. १८९६ सालीं कर्व्यांनीं पुण्यास अनाथ बालिकाश्रम स्थापिला. त्याच सुमारास पार्वतीबाई मुलासह बहिणीच्या आश्रयास आल्या आणि शिकूं लागल्या. त्या वेळीं त्यांचें वय सव्वीस होतें.

सव्विसाव्या वर्षीं शिक्षणास आरंभ करणें म्हणजे काय, याचा वाचकभगिनींनीं क्षणभर विचार करावा. मुलगा शाळेच्या वयाचा झालेला, आणि आईचाही अभ्यास तेव्हांच सुरू झालेला! परंतु या अभ्यासाचें मूळ त्या मुलांतच होतें असें आम्हांस वाटतें. भावांच्या घरीं राहिलेल्या विधवेच्या मुलाला अन्न मिळे. पण तें उपकाराचें असे. आपल्या मुलानें शिकावें आणि त्यासाठीं कोणापुढें हात पसरावयास लागूं नये, ही इच्छा ज्या आईच्या मनांत उपजली, तिला स्वतःच्या पायांवर उभें राहण्यावांचून मार्ग नव्हता.

१९०० सालीं आश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास गेला. रावबहादुर गोखले यांनीं दिलेल्या माळरानावर एक झोपडी, हीच काय ती इमारत. फर्ग्युसनमधील शिकवणी आटोपून कर्वे पायीं तेथवर जात. या आश्रमास प्रथम ज्या बायकांनीं हात दिला, त्यांत वेणूबाई नामजोशी आणि पार्वतीबाई आठवले यांचीं नांवें अग्रभागीं आहेत. शिकलेलें लागलीच शिकवावयाचें, आजारी मुलीच्या उशाशीं बसावयाचें, रडणाऱ्या पोरीची समजूत घालावयाची, असें हें काम होतें. तेथें आलेल्या मुली पार्वतीबाईंच्याच वाटेनें आलेल्या असत. त्यांना धीर देण्यास पुस्तकांतील वचनांची गरज नव्हती. समोर उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलें तरी पुरे होतें.

पुढें आश्रमासाठीं वर्गणी जमविण्याचें काम त्यांनीं अंगावर घेतलें. गांवोगांव हिंडावें, सभेंत बोलावें, दारोदार जाऊन मागावें, हें एका विधवेनें करणें त्या काळीं लहान धाडस नव्हतें. ‘घर टाकून फिरणारी ही कसली आई?’ असा प्रश्न आजही कांहीं वडीलधाऱ्या मंडळींच्या ओठांवर येईल. आम्ही त्यांस नम्रपणें उलट विचारतों कीं, मुलगा नोकरीनिमित्त परगांवीं राहिलेल्या बापाला ‘हा कसला बाप?’ असें आपण कधीं विचारिलें आहे काय? दूर राहिल्याचें दुःख त्या माउलीला झालें नसेल असें आम्ही म्हणत नाहीं. तें दुःख पोटांत घालून तिनें काम केलें, हेंच आमचें म्हणणें आहे.

या कामीं एक गोष्ट विशेष मनन करण्याजोगी आहे. बरींच वर्षें पार्वतीबाईंचा वेष जुन्या वळणाच्या सोंवळ्या विधवेचा होता. अशा बाईचें बोलणें जुन्या घरांतूनही ऐकून घेतलें जाणें सोपें. परंतु चाळिशी उलटल्यावर त्यांनीं वपन सोडलें. देवाधर्माच्या नांवाखालीं चाललेली ही विटंबना आपण स्वतःच्या देहावर वागवीत राहावयाचें आणि मुलींना मात्र स्वाभिमान शिकवावयाचा, ही विसंगति त्यांना सोसेना. त्यायोगें कित्येक दारें बंद होण्याचा संभव होता आणि झोळी तर संस्थेची होती. तरीही त्यांनीं तें पाऊल उचललें. शिक्षिकेच्या सबंध आयुष्यांतील हा सर्वांत मोठा धडा आम्ही समजतों, आणि तो फळ्यावर लिहिलेला नव्हता.

इंग्रजी आल्यावांचून संस्थेचें काम दूरवर नेतां येणार नाहीं, हें त्यांना फार जाणवे. ती भाषा शिकावी आणि संस्थेसाठीं पैसाही मिळवावा, या हेतूनें १९१८ सालीं, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, त्या अमेरिकेस गेल्या. तेथें पोट भरण्यासाठीं परक्यांच्या घरीं घरकाम केलें. ब्राह्मणाच्या घरांत वाढलेली प्रौढ बाई दुसऱ्याचीं भांडीं घासते, यांत त्यांना कमीपणा वाटला नाहीं. १९२० सालीं त्या परतल्या. पुढें १९२८ सालीं त्यांनीं ‘माझी कहाणी’ हें आत्मचरित्र प्रसिद्ध केलें. दोन वर्षांनीं जस्टिन अॅबट यांनीं त्याचें इंग्रजी भाषांतरही काढलें. १९५५ सालीं पार्वतीबाई निवर्तल्या.

थोरांची आठवण करतांना उणें झांकूं नये. आरंभींचा तो आश्रम उच्चवर्णीय विधवांपुरता होता. ज्या बायकांच्या वाट्यास याहून अधिक दारिद्र्य आणि अवहेलना होती, त्यांना ती वाट पुष्कळ उशिरां मोकळी झाली. हें मान्य करूनही, आपल्याच घरांतील अन्याय आधीं आपल्याच हातांनीं निस्तरण्याचें त्यांचें धैर्य आम्हांस वंदनीय वाटतें.

कर्व्यांना १९५८ सालीं भारतरत्न मिळालें, तें सर्वथा योग्यच झालें. हिंगण्याला लोक आज कर्वेनगर म्हणतात. तेथून हजारों मुली शिकून बाहेर पडतात. पार्वतीबाईंचें नांव त्यांच्यापैकीं कितीजणींना ठाऊक असेल, हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. तरी त्यांचें भाग्य असें कीं, त्यांनीं स्वतःची कहाणी स्वतःच लिहून ठेविली. बायांनींही ‘माझे पुराण’ लिहिलें. आमच्या स्नेह्यांच्या त्या आत्याला मात्र लिहितां येत नव्हतें.

म्हणून वाचकांस आमची एकच विनंति आहे. आपल्या घरांतहि अशी एखादी आजी, आत्या किंवा काकू होऊन गेली असेल, जिनें पोराबाळांना वाढविलें आणि आळींतल्या मुलींना अक्षरें शिकविलीं. तिला ओळखणारीं माणसें अजून आहेत तोंवर त्यांच्यापाशीं बसून तिची हकीकत लिहून घ्यावी. कुलवृत्तांताची पुढील आवृत्ति निघेल तेव्हां तिच्या नांवापुढें दोन शब्दांऐवजीं एक पान असावें. आमच्या स्नेह्यांनीं तें काम हातीं घेतलें आहे.