वजनाचा रकाना

घोड्यावर पैसे लावायचे असतील तर आधी वजन बघा. घोड्याचं नव्हे, त्याच्या पाठीवरचं. हे मी सांगतोय, कारण माझ्या पाठीवर रोज वजन असतं.

रेसवर लिहितोय म्हणून आपल्यातलेच काही नाकं मुरडतील. चळवळ सोडून घोडे कसले, म्हणतील. म्हणू देत. रविवारी दुपारी आमच्या गल्लीत या. चहाच्या टपरीमागं, संडासाच्या रांगेत, ज्याच्या त्याच्या मागच्या खिशात रेसचं पुस्तक. जुगार वाईट, हे त्यांना सगळ्यांनी ऐकवून झालंय. माझ्या बापाला आज्यानं ऐकवलं, आईनं ऐकवलं, शाळेत निबंध लिहून मीही ऐकवलं. बाप महालक्ष्मीला उतरायचा तो उतरायचाच. तेव्हा उपदेश राहू द्या, हिशेब बोलू.

हँडिकॅप म्हणजे काय? जो घोडा जास्त जिंकतो त्याच्यावर जास्त वजन. जो मागं पडतो त्याच्यावर कमी. जॉकी हलका भरला तर खोगिरासोबत शिशाच्या पट्ट्या. शर्यतीआधी जॉकी काट्यावर, शर्यतीनंतर पुन्हा काट्यावर. पन्नास किलोपासून साठच्या आसपास ही वजनं असतात. हेतू हा, की सगळे घोडे एका रेषेत पोचावेत. आयला, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कुंपण धरून हसत सुटलो. समर्थाच्या पाठीवर शिसं! आणि वरच्या स्टँडातले साहेबलोक, पोराच्या अॅडमिशनचा विषय निघाला की मेरिट मेरिट म्हणून बोंबलणारे, ते या नियमावर मुकाट पैसे लावतात.

डॉकात आम्ही उचलतो ती गोण पन्नास किलोची. म्हणजे हलक्यातला हलका जॉकीच. घोडा साडेचारशे-पाचशे किलोचा आणि मी चौपन्न, एवढाच काय तो फरक. पन्नास आणि त्रेपन्न यातला फरक पहिल्या खेपेला कळत नाही. चाळिसाव्या खेपेला मणक्याला कळतो. घोड्याचंही तेच. १२०० मीटरला दोन-तीन किलो खपून जातील, २४०० मीटरला शेवटच्या वळणानंतर ते बोलायला लागतात. जमीन ओली असेल तर जास्तच. पुण्याचा मोसम पावसाळ्यात सुरू होतो, तिथं हे विसरू नका. मागच्या वेळी जिंकला एवढ्यावर लावू नका. किती वजनावर, किती अंतरावर, कुणाला हरवून जिंकला ते बघा. खालच्या वर्गात साठ किलो घेऊन जिंकलेला घोडा वरच्या वर्गात चौपन्नवर येतो. पंटर म्हणतात, हलका झाला, लाव! हलका झाला खरा, पण आता शेजारी कोण धावतंय?

जॉकी, ट्रेनर, सकाळच्या सरावाची वेळ, किती दिवसांनी धावतोय, हे बघायचंच. ते पुस्तकात छापलेलं असतं, त्यावर शाई घालवत नाही.

रक्तावर मात्र बोलणार. थरोब्रेड घोड्यांची वंशावळीची वही इंग्लंडात १७९१ साली निघाली. जगातल्या सगळ्या थरोब्रेडांची बापाकडची वंशरेषा तीन घोड्यांपाशी जाऊन थांबते. वहीत नाव नसलेल्या बापाचा घोडा कितीही पळो, या मैदानात त्याला उभं करत नाहीत. हे कुठंतरी ऐकल्यासारखं वाटतंय ना? आता या रक्ताची किंमत ऐका. १९८३ साली स्नाफी डान्सर नावाचं शिंगरू १ कोटी २ लाख डॉलरला विकलं गेलं. थोर बापाचा मुलगा. तो एकाही शर्यतीत धावला नाही, इतका संथ. २००६ साली ग्रीन मंकी १ कोटी ६० लाख डॉलरला गेला. तीन शर्यती धावला, एकही जिंकला नाही. आणि साडेनऊ हजार डॉलरला घेतलेला माइन दॅट बर्ड २००९ साली पन्नासाच्या भावात अमेरिकेची केंटकी डर्बी मारून गेला. कोरा, कधीच न धावलेला घोडा असेल तर वंश बघा, कारण दुसरं काही हातात नसतं. एकदा धावला की कागद फाडा. पाय बघा.

एवढं सगळं बरोबर बघितलं, तरी पैसे मिळतील असं नाही. टोटवर तुम्ही घोड्याशी खेळत नसता, शेजारच्या पंटरशी खेळत असता. सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात, त्यातून कापून उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटायचं. फेवरिट ढोबळमानानं तीनातून एकदा येतो. समजा तुमचा घोडा दहातून तीनदा येणारा आहे आणि दहा रुपयांना पंचवीस मिळतात. दहा वेळा लावले, शंभर गेले, पंचाहत्तर आले. घोडा ओळखलात आणि तरी नागवले गेलात. म्हणून कुठला घोडा येईल हा अर्धाच प्रश्न. त्याच्या येण्याला मिळणारा भाव पुरेसा आहे का, हा पुरा प्रश्न.

आणि भाव पुरेसा राहू नये याची सोय वरून झालेली आहे. सुप्रीम कोर्टानं १९९६ साली सांगितलं की घोड्यांची रेस हा जुगार नव्हे, कौशल्याचा खेळ. मटक्याच्या चिठ्ठीला हवालदार, रेसच्या तिकिटाला सलाम. बरं, कौशल्य तर कौशल्य. पण सप्टेंबर २०२५ पासून रेसच्या पैजेवर जीएसटी २८ चा ४० टक्के झाला. जिंकलात तर त्यावर ३० टक्के आयकर वेगळा, आणि हरलेलं त्यातून वजा होत नाही. हे वजन कुठल्या रकान्यात छापतात? असलं कौशल्य मला अजून भेटलेलं नाही, जे एवढं घेऊन पळेल.

म्हणून मग पंटर गल्लीतल्या बुकीकडे जातो. तिथं टॅक्स नाही, उधारी चालते, आणि उधारी वसूल करायला माणूस घरी येतो. बापाचा रिटायरमेंटचा फंड असा दोन मोसमांत गेला. आई त्या माणसाला चहा करून द्यायची, कारण दुसरं द्यायला काही नव्हतं.

परवा माळ्यावरून बापाची जुनी पुस्तकं काढली. पानापानावर पेन्सिलीच्या खुणा. मालकाच्या नावाखाली रेघ, घोड्याच्या आई-बापाच्या नावाखाली रेघ, जॉकीला गोल. वजनाचा रकाना सगळीकडे कोरा. चाळीस वर्षं डॉकात गोणी वाहिलेला माणूस. मी विचारलं, "बाबा, तुम्ही वजन कधी बघितलं नाय?"

"वजनाला काय बघायचं," म्हणाला, "ते असतंच."

मग चष्मा मागितला आणि येत्या रविवारचं पुस्तक आणलंस का म्हणून विचारलं.