शासकीय कागदावरील करडी पट्टी

आदेश, नोटीस किंवा परिपत्रक यांतील महत्त्वाच्या परिच्छेदामागे करडी छटा भरण्याची जी रीत संगणकाबरोबर आपल्या कार्यालयांत शिरली, ती बंद झाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. विषय क्षुल्लक वाटेल. धोरण, निधी, बदल्या असे भारदस्त विषय सोडून हा गृहस्थ वर्ड प्रोसेसरमधल्या एका सोयीवर का घसरला, असेही काहींना वाटेल. परंतु सामान्य माणसाच्या हाती शासन म्हणून जे पडते, तो शेवटी एक कागद असतो. तो वाचता आला नाही, तर त्यामागची सर्व यंत्रणा त्याच्यापुरती व्यर्थ ठरते.

महाराष्ट्राबाहेर एका जिल्ह्यात काम करीत असताना भूसंपादनाच्या निवाड्याची नोटीस घेऊन एक वृद्ध शेतकरी माझ्याकडे आले. मोबदला मान्य नसेल तर प्रकरण प्राधिकरणाकडे पाठवावे, असा अर्ज करण्यास २०१३ च्या कायद्याने साधारणतः सहा आठवड्यांची मुदत दिली आहे. ती केव्हाच उलटली होती. "मुदत कुठे लिहिली आहे, दाखवा," असे म्हणून त्यांनी कागद पुढे केला. मुदतीचा परिच्छेद होता, पण त्या जागी काळपट पट्टा उमटलेला होता. बाकीची नोटीस स्वच्छ वाचता येत होती. खाली सही माझीच होती. मूळ प्रत मला चांगली आठवत होती, कारण मुदतीचा परिच्छेद उठून दिसावा म्हणून लिपिकाने केलेल्या त्या शेडिंगचे मी कौतुक केले होते. पुरेसे कारण असल्यास आणखी एक वर्षापर्यंतचा विलंब माफ करण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे, म्हणून त्यांचा अर्ज घेता आला. विलंबाचे कारण म्हणून तीच नोटीस जोडली गेली. पण जे माझ्यापर्यंत पोचलेच नाहीत, त्यांचे काय झाले असेल?

हे असे का होते, ते समजून घेणे अवघड नाही. कार्यालयातल्या साध्या लेझर प्रिंटरमध्ये करडी शाई नसतेच. काळ्या पुडीचे सूक्ष्म ठिपके विरळ मांडून तो करडेपणाचा भास निर्माण करतो. त्या कागदाची झेरॉक्स काढली की ठिपके थोडे पसरतात, झेरॉक्सची झेरॉक्स काढली की ते एकमेकांना चिकटतात. कार्यालयातून मूळ प्रत एक निघते. खाली तालुक्याला, तिथून गावाला जाते ती प्रतीची प्रत. म्हणजे जो परिच्छेद सर्वांत आधी वाचला जावा अशी आपली इच्छा, तोच सर्वांत आधी नष्ट होतो.

देवनागरीला हा जाच अधिकच. आपल्या लिपीत अर्थाचा मोठा भार एकेका टिंबावर असतो. 'गावात' आणि 'गावांत' यांतला फरक एका अनुस्वाराचा आहे. हिंदीतले 'है' आणि 'हैं' तसेच. क्षेत्रफळातले दशांश चिन्हही टिंबच. ठिपक्यांच्या जाळीत हे टिंब शोधायचे कोणी आणि कसे?

यावर मला सांगितले जाते की आता ई-ऑफिस आले, कागद उरला कुठे? नस्ती पडद्यावर आली हे खरे. पण नोटीस आजही छापून बजावली जाते आणि न्यायालयांत छायाप्रतींचे गठ्ठे अजून दाखल होतात. माहितीच्या अधिकाराखाली केंद्र सरकारच्या कार्यालयात नागरिक पानामागे २ रुपये भरून प्रत घेतो, त्याने काळ्या पट्ट्याचे पैसे का भरावेत? शिवाय पडद्यावरही सर्वांना छटा दिसते असे नाही. दृष्टिहीन व्यक्तीचा स्क्रीन रीडर अक्षरे वाचतो, त्यांमागचा रंग तो सहसा सांगत नाही. तिच्या दृष्टीने आपण काहीच अधोरेखित केलेले नसते.

याहून गंभीर दोष आपल्या लिहिण्याच्या सवयीत आहे. केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धतीत टिपणीचे परिच्छेद लहान असावेत, त्यांना क्रमांक द्यावेत, असे सांगितले आहे. त्यामागे विचार आहे. 'परिच्छेद ४ पाहावा' असे म्हणता येते, त्यावर आक्षेप घेता येतो, दहा वर्षांनीही तो सापडतो. 'करड्या भागातील मजकूर पाहावा' असा संदर्भ एका प्रतीनंतर टिकत नाही. टिपणीत तर एकच परिच्छेद रंगवून वरिष्ठाला जणू सुचवले जाते की एवढेच वाचा, बाकी सोडून द्या. तसे असेल तर बाकीचे लिहिलेच कशाला? मुख्य मुद्दा पहिल्या चार ओळींत मांडण्याचे कष्ट टाळण्यासाठी आपण रंगाचा आधार घेतो.

छटेला कोठेच जागा नाही, असे मी म्हणत नाही. लांबलचक तक्त्यात एकाआड एक ओळ फिकी करणे, किंवा 'कार्यालयीन उपयोगासाठी' हा रकाना वेगळा दाखवणे योग्यच आहे, कारण तिथे छटा गेली तरी अर्थ जात नाही. हीच कसोटी सर्वत्र लावावी. मुदत, रक्कम, क्षेत्र, अट आणि अपिलाचा अधिकार यांच्यामागे छटा नको. त्यांना क्रमांक द्या, ठळक मथळा द्या, हवी तर डाव्या बाजूला एक उभी रेघ ओढा. ज्या चौकटीत शेडिंग मिळते, त्याच चौकटीत ही रेघही मिळते.

आणि सही करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला माझी विनंती आहे. नोटिशीचा नमुना मंजूर करण्यापूर्वी त्याच्या प्रतीची प्रत, तिचीही प्रत मागवा आणि ती स्वतः वाचून पाहा. नागरिकाच्या हाती पडणार ती तीच.